रिकाम्या कपाटाचे कुलूप

"आणि ही कशाची?" कोल्बीने विचारले.

डेल्मर सग्जने चष्मा कपाळावर चढवला आणि किल्ली डोळ्यांजवळ धरली. पितळेची होती, करंगळीच्या पेराएवढी. सकाळपासून दोघे हेडमास्तरांच्या खोलीत किल्ल्यांची रास टेबलावर ओतून बसले होते. डेल्मरने एकेक उचलून 'बॉयलर', 'जिम', 'स्वयंपाकघराचं मागचं दार' असे सांगायचे आणि कोल्बीने तिला चिठ्ठी बांधायची. सोमवारी इमारत बियाणेवाल्या कंपनीच्या ताब्यात जायची होती.

"ही कशाचीच नाही," डेल्मर म्हणाला.

"असं कसं होईल, डेल्मरकाका?"

"तेच तर मला कळत नाही. शाळेतल्या एकूण एक कुलपाला लावून पाहिली. कपाटं झाली, पेट्या झाल्या, पियानोचं झाकणसुद्धा झालं. वडिलांच्या जुडग्यातून माझ्याकडे आली, म्हणून ठेवली. किल्ली फेकू नये, म्हणायचे ते. कुलूप आज ना उद्या भेटतंच."

"मग तुम्हीच ठेवा. कंपनी तिचं काय करणार?"

डेल्मरने ती शर्टाच्या खिशात टाकली.

लॉरेल बेंड अकॅडमी बंद पडत होती. मिसिसिपीच्या त्या सपाट मुलखात आता पोरेच उरली नव्हती. ज्यांना जमले ते जॅक्सनला गेले, मेम्फिसला गेले. कोल्बी रस्क याच शाळेत शिकला होता. लहानपणी बसमध्ये झोपून जायचा आणि डेल्मर त्याला खांद्यावर टाकून त्याच्या आईच्या दारात नेऊन ठेवायचा. तोच आता हेडमास्तर झाला होता, आणि शाळेचे दार लावायची वेळ त्याच्यावर आली होती. शिवाय रविवारच्या निरोप समारंभासाठी शाळेचा इतिहास लिहायचे काम त्याच्या गळ्यात पडले होते.

"काका, तुम्ही पहिल्या दिवसापासून इथं आहात. शाळा का निघाली, ते दोन ओळींत सांगा ना."

"नाताळच्या सुट्टीत निघाली."

"कधी नाही हो. का निघाली?"

डेल्मर विचारात पडला. बॉयलर का बिघडला हे त्याला कुणीही केव्हाही विचारावे. पण हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता.

एकोणीसशे एकोणसत्तरच्या नाताळापर्यंत गावाची मार्लो हायस्कूल ही अगदी उत्तम शाळा होती. तिच्या बँडचा, तिच्या फुटबॉलचा, तिच्या लॅटिनच्या बाईंचा गावाला कोण अभिमान! मग कोर्टाचा हुकूम आला, की जानेवारीपासून गोरी पोरे आणि काळी पोरे एकाच शाळेत बसतील. आणि काय चमत्कार, सुट्टीच्या त्या चार दिवसांत त्याच शाळेचा दर्जा असा काही घसरला, की गोऱ्या आईबापांना लेकरांच्या शिक्षणाच्या काळजीने झोप येईना. बाप्टिस्ट चर्चच्या तळघरात सभा भरल्या. सभेत कुणी 'काळे' हा शब्द उच्चारला नाही. सगळे 'दर्जा' म्हणत होते, 'संस्कार' म्हणत होते, आणि सगळ्यांना बरोबर समजत होते. जानेवारीत त्याच तळघरात, रविवारच्या धर्मवर्गाच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून अकॅडमीची पहिली तुकडी बसली. तिच्यात सतरा वर्षांचा डेल्मर होता. फी भरण्याची त्याच्या बापाची ऐपत नव्हती. पण बाप सुतार होता, आणि नव्या शाळेला बाके हवी होती, दारे हवी होती. गाव निघाले, म्हणून बाप निघाला, आणि बाप निघाला, म्हणून पोरगा. पुढे चर्चमागच्या शेतात विटांची इमारत उभी राहिली आणि डेल्मर तिथेच चिकटला. बस त्याची, नळ त्याचे, बॉयलर त्याचा. मोटेलवाल्या पटेलांच्या मुलीला घ्यायचे की नाही यावर विश्वस्तांच्या बैठकांवर बैठका झाल्या, तेव्हा खुर्च्या मांडायला तोच होता. शेवटी तिला घेतले आणि ती वर्गात पहिली आली, तेव्हा टाळ्या वाजवायलाही तोच होता. या सगळ्यातून 'का' काढायचा कुठून?

"सगळे निघाले होते रे," तो अखेर म्हणाला.

"'उत्तम शिक्षण आणि ख्रिस्ती संस्कार यांसाठी', असं लिहू?"

"लिही. तेव्हाही तेच लिहिलं होतं."

दोघे उठून वऱ्हांड्यात आले. करंडकांचे कपाट उघडेच होते. गेल्या शनिवारी माजी विद्यार्थी येऊन आपापले कप, ढाली, फोटो घेऊन गेले होते. भिंतीवर डेल्मरनेच दर दोन-चार वर्षांनी रंगवलेली अक्षरे तेवढी राहिली होती : '१९३१ पासून विजयाची परंपरा'. शाळा सत्तर सालची आणि परंपरा एकतीस सालची. आईपेक्षा लेक मोठी, आणि ते इतक्या वर्षांत एकालाही खटकले नव्हते.

वरच्या फळीवर एकतीस ते एकोणसत्तरचे करंडक शिल्लक होते. सगळ्यांवर 'मार्लो हायस्कूल' असे कोरलेले.

"हे कुणीच नेले नाहीत," कोल्बी म्हणाला. "ज्यांचे होते ते बहुतेक गेले. उद्या भंगारवाला येतोय."

"त्यातला एक रॉइसचा आहे."

कोल्बीचा चेहरा पडला. रॉइस सग्ज कोण, हे गावात सांगावे लागत नसे. डेल्मरचा थोरला भाऊ. पासष्ट साली मार्लोने फुटबॉलचा करंडक जिंकला तो त्याच्या जोरावर, आणि अडुसष्टमध्ये व्हिएतनाममधून तो परतलाच नाही. करंडकावर काखेत चेंडू धरून पळणारा सोनेरी खेळाडू होता. आई दर महिन्याला शाळेत येऊन तो पुसायची, आणि पुसून पुसून तिने त्या बिचाऱ्याचे नाक झिजवून टाकले होते. सोनेरी मुलामा जाऊन खालचे करडे नाक दिसत होते.

"मग तुम्ही घरी घेऊन जा ना, काका."

"घरी नको. आई म्हणायची, घरातला फोटो मेलेल्या पोराचा. शाळेतला करंडक खेळणाऱ्या पोराचा. पोरांच्या येण्याजाण्यात राहू दे त्याला. आम्ही ती शाळा सोडली तेव्हा तिनंच मला सांगितलं, त्याला तिथं एकटा ठेवू नकोस, घेऊन ये. म्हणून तर आणला." त्याने फळीवर नजर फिरवली. "म्हणजे, बाकीचेही आणलेच. वडिलांच्या पिकअपमधून."

"आता कुठल्या शाळेत ठेवणार?"

"ज्या शाळेचं नाव लिहिलंय तिथं. दुसरीकडे कुठं?" हे बोलेपर्यंत डेल्मरला स्वतःलाही ते ठाऊक नव्हते.

मार्लो हायस्कूल तिथून हाकेच्या अंतरावर होती. रोज तिच्यावरून जाणे-येणे होते. तरी त्या सुट्टीनंतर डेल्मरने आत पाऊल टाकले नव्हते. कुणी मनाई केली नव्हती. काम पडले नव्हते, एवढेच. आता तिथे जवळजवळ सगळी पोरे काळीच होती. करंडकांचे खोके छातीशी धरून तो पायऱ्या चढला तेव्हा आपण भेट घेऊन चाललो आहोत की चोरीचा माल, हे त्याला नीट ठरवता येईना. पण ते खूश होतील, अशी त्याची समजूत होती. कुणी आपली वस्तू आणून दिली तर माणूस खूश होतोच.

दाराशी टेबलापाशी एक वयस्क काळ्या बाई बसल्या होत्या. निळा स्वेटर, मांडीवर कागदी पिशवी, पिशवीत उकडलेल्या शेंगा. आर्झेलिया क्रम्प. याच शाळेत शिवण आणि स्वयंपाक शिकवून निवृत्त झालेल्या. आता घरी करमत नाही म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्यांना दारातच हटकायचे काम हौसेने करत.

"या. कुणाला भेटायचंय?"

"भेटायचं कुणालाच नाही, बाई. अकॅडमीतून आलोय, हे द्यायचं होतं," डेल्मर म्हणाला. त्याच्या लहानपणी काळ्या बाईला 'बाई' किंवा 'अहो' म्हणायची रीत नव्हती. ती जीभ वळवायला त्याला अर्धे आयुष्य लागले होते, आणि अजूनही ती मध्येच अडखळे.

त्याने खोके टेबलावर ठेवले आणि रॉइसचा करंडक वर काढला. बाईंनी शेंगांचे पाणी स्वेटरला पुसले आणि तो जवळ ओढला.

"पासष्ट," त्यांनी वाचले. "हे आमच्या आधीचं दिसतंय."

"तुमचंच आहे. बघा ना, मार्लो हायस्कूल लिहिलंय."

"लिहिलंय खरं. पण 'तुमचंच' म्हणजे कुणाचं? पासष्टला मला या दारातून आत तरी घेतलं असतं का?" त्या रागावल्या नव्हत्या, त्यांना खरोखरच उत्तर हवे होते. "आम्ही हॉलोवे शाळेची पोरं. सत्तरच्या जानेवारीत आमची शाळा बंद करून आम्हाला इथं आणलं. शेवटचं वर्ष होतं माझं. आणि याचं नाक कुणी खाल्लं?"

"आईनं. म्हणजे, पुसून पुसून. हा माझा भाऊ, रॉइस सग्ज. व्हिएतनाममध्ये गेला."

"अरेरे." त्यांनी बाहुल्याच्या नाकावरून अंगठा फिरवला. "माझा एक मावसभाऊपण तिथंच गेला. बसा तुम्ही. शेंगा घ्या."

डेल्मर बसला. शेंगा खारट आणि कोमट होत्या. त्याला बरे वाटले. हे सोपे होते, उगाच घाबरलो, असे त्याला वाटले.

"म्हणजे हे सगळं त्या अकॅडमीत होतं होय!" बाई खोक्यात डोकावत म्हणाल्या. "पहिल्या दिवशी आम्ही आलो, तर ते काचेचं कपाट रिकामं. एक कप नाही, ढाल नाही. आम्हाला वाटलं, गोऱ्यांच्या शाळेला जन्मात काही मिळालेलं दिसत नाही!" त्या खळखळून हसल्या. "आमच्या वर्गातला टॉमी म्हणाला, 'बायांनो, यांच्यापेक्षा आपणच बरे, निदान आपल्याकडे ठेवायला तरी आहे.' कारण आम्ही आमचे आणले होते ना! हॉलोवेचे. पाव्यांच्या बँडचा, धावण्याचे, आमच्या गायनवर्गाचा मोठा कप. तो मी बसमध्ये मांडीवर धरून आणला होता."

"मग इथंच असतील," डेल्मर म्हणाला. "तुमच्या शेजारीच याला—"

"नाहीत ना."

"का?"

"कपाटाला कुलूप होतं."

डेल्मरच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"रिकाम्या कपाटाला कुलूप," बाई म्हणाल्या. "तुम्हीच सांगा, शहाणा माणूस रिकाम्या कपाटाला कुलूप लावतो का? मुख्याध्यापक म्हणाले, किल्ली सापडत नाही, तोवर खाली ठेवा, उद्या बघू. आम्ही फरशीवर पेपर अंथरून नीट ओळीनं मांडले. ती उद्या काही आली नाही. आम्ही किल्लीसाठी सगळी शाळा पालथी घातली. जूनमध्ये फरशी धुवायला माणसं आली आणि सगळं उचलून कचराभूमीवर टाकून आली. ऑगस्टमध्ये येऊन विचारलं तर म्हणतात, 'कुठले कप? ते भंगार होय?'"

"अहो, पण काच फोडायची! साधी काच."

बाईंनी त्याच्याकडे असे पाहिले की त्याने मान खाली घातली.

"आम्ही? पहिल्या आठवड्यात? या शाळेत येऊन काच फोडायची? मिस्टर सग्ज, तुमच्या पोरांनी फोडली असती तर खोडी म्हणाले असते. आम्ही फोडली असती तर शेरीफ बेड्या घेऊन आला असता."

"मला ते कपाट बघू द्या," डेल्मर म्हणाला आणि रॉइसचा करंडक परत ठेवून त्याने खोके उचलले.

कपाट जिथे होते तिथेच होते, वऱ्हांड्याच्या भिंतीत बसवलेले. आत आताच्या पोरांचे कप दाटीवाटीने उभे होते. पण कुलूप अजूनही बंदच होते.

"मग हे आत ठेवले कसे?"

"इकडून," बाईंनी दुसरी बाजू दाखवली. "सुताराला बोलावलं की तो बिजागऱ्यांचे खिळे काढतो, दार उलट्या बाजूनं उघडतो, आणि परत ठोकून देतो. आमचे गेल्यावर कुणाला तरी हे सुचलं, तेव्हापासून तसंच चाललंय. ते कुलूप आहे हे आताच्या पोरांना माहीतसुद्धा नाही."

कुलूप पितळेचे होते, करंगळीच्या पेराएवढ्या किल्लीचे. आणि ते पाहताच डेल्मरला ती दुपार आठवली, जी त्याला आजपर्यंत अर्धीच आठवत होती. करंडक कागदात गुंडाळून पिकअपमध्ये भरले, रॉइसचा आपल्या मांडीवर घेतला, एवढे त्याला पक्के ठाऊक होते. त्याच्या आधी बाप दारातून ओरडला होता : 'कपाट उघडं टाकून येऊ नकोस रे, लोक काय म्हणतील!' आणि तो मागे फिरून कुलूप लावून आला होता, किल्ली बापाच्या जुडग्यात गेली होती. घर धुवून न्यायचे आणि जाताना व्यवस्थित कडी लावून जायचे, अशी ती तऱ्हा. त्यात द्वेष नव्हता, डाव नव्हता. वळण होते. चांगले वळण!

बाईंना काहीच ठाऊक नव्हते. किल्ली खिशात होती आणि ती खिशातच राहिली असती तर जगात कुणाला कळले नसते. खोके इथे सोडायचे आणि निघायचे. पण मग रॉइसला या कपाटात, या कुलपामागे ठेवायचे कसे? डेल्मरने खिशात हात घातला.

"बाई," तो म्हणाला, "ही."

बाई किल्लीकडे पाहत राहिल्या. मग कुलपाकडे. मग पुन्हा किल्लीकडे.

"तुमच्याकडे कुठून आली?"

"मीच लावलं होतं. मी विसरलो होतो. खरंच सांगतो, ही कशाची किल्ली ते मला आज सकाळपर्यंत... आत्तापर्यंत माहीत नव्हतं. तुमचं सामान येणार हेही मला माहीत नव्हतं."

"ते दिसतंय मला," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "तेच तर. माहीत असतं तर मला बरं वाटलं असतं. इतकी वर्षं मी धरून चालले होते, की कुणीतरी आमच्यावर डूख धरून ते कुलूप लावून गेलं. त्याचा चेहराही ठरवला होता मी. लाल मान, बारीक डोळे. आणि आलात कोण, तर तुम्ही. शेंगा खात बसलात माझ्या पिशवीतल्या." त्यांना हसू येत होते की रडू, ते त्यांनाच कळत नव्हते. "आता मी रागवायचं कुणावर?"

"माझ्यावर रागवा."

"येत नाही ना तो. तेवढा सोपा असता तर काय!" त्यांनी स्वेटरची बाही डोळ्यांवरून फिरवली. "लावा. बघू तर."

किल्ली आत गेली; अगदी घरच्यासारखी गेली. पण फिरेना. डेल्मरने आयुष्यभर कुलपे उघडली होती. त्याने फुंकर मारली, हलवले, दाबले. आतून गंज कुरकुरला आणि गप्प झाला.

"उद्या तेल घेऊन येतो," तो म्हणाला.

"उद्या," बाई म्हणाल्या.

तो शब्द दोघांनीही ऐकला.

बाई टेबलाशी जाऊन मुख्याध्यापकांना फोन करून आल्या. ते जिल्ह्याच्या बैठकीत होते. अकॅडमीचे करंडक म्हटल्यावर त्यांनाही काही उमगेना. जुन्या गोऱ्या शाळेचे ठेवायचे म्हणजे पालक काय म्हणतील, न ठेवावे तर तेही बरे दिसत नाही, एक सैनिक आहे त्यात. मंडळाला विचारावे लागेल. तोवर कपाटाला हात लावू नका, कुठेतरी ठेवून द्या, असे ते म्हणाले होते.

"माझ्या टेबलावर ठेवा," बाई म्हणाल्या.

डेल्मरने खोके कपाटासमोरच खाली ठेवले. "तुमचे कुठं होते?"

"कुठं म्हणजे? इथंच. खाली."

त्याने खोक्यातला एक जुना वर्तमानपत्राचा कागद काढला, भिंतीला धरून एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि कागद फरशीवर पसरला. त्यावर रॉइसचा करंडक ठेवला, तोंड वऱ्हांड्याकडे करून.

"अहो, काय करताय हे? आत्ता घंटा होईल. पोरं लाथाडतील त्याला! तुमची आई काय म्हणेल?"

आई काय म्हणेल, हे त्याला खरोखर माहीत नव्हते. हे बरोबर आहे की नुसताच वेडेपणा, तेही माहीत नव्हते. फक्त टेबलावर ठेवणे त्याला जमले नसते.

"राहू दे, बाई. पोरांच्या येण्याजाण्यात राहू दे, म्हणायची ती." उठायला त्याला बाईंचा हात घ्यावा लागला. त्याच हातात त्याने किल्ली ठेवली. "उद्या येतो. सकाळीच येतो."

बाईंनी किल्लीवर मूठ मिटली.

तो दारापर्यंत पोचला आणि घंटा झाली. वर्ग सुटले. दप्तरे, हाका, बुटांचा गडगडाट. वऱ्हांडा एका दमात भरून गेला. डेल्मरला मागे पाहायचे नव्हते. तरी त्याने पाहिले.

गर्दीच्या मधोमध एक खुर्ची होती. आर्झेलिया क्रम्प टेबलामागची ती खुर्ची ओढत नेऊन कपाटाखाली बसल्या होत्या, करंडक दोन्ही पावलांच्या मध्ये घेऊन. मांडीवर शेंगांची पिशवी होती, एक मूठ घट्ट मिटलेली होती. "सांभाळून रे," त्या पोरांना सांगत होत्या, "सांभाळून. बाजूनं जा." आणि पोरे बाजूने जात होती.